तिचं नऊ आलं

तिसरीच्या वर्गात बाकं मोजणं चाललं होतं. पट्टी नाही, टेप नाही, नुसत्या वितीने. बाकाच्या डाव्या कडेला अंगठा टेकवायचा, पंजा ताणायचा, करंगळी पोचेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट रोवायचं, मग अंगठा उचलून त्या बोटापाशी आणायचा आणि पुन्हा ताणायचं. प्रत्येकाने आपापलं मोजायचं आणि आपापल्या वहीत लिहायचं, असं बाईंनी बजावून सांगितलं होतं. मी एका बाकाच्या टोकाला अंग चोरून बसले होते. शेजारी जी मुलगी होती तिला इथे मी ठकी म्हणते. तिच्या तळव्यावरची नागपंचमीची मेंदी पुसट होत नारिंगी झाली होती. पंजा इतका ताणत होती की बोटांची टोकं पांढरी पडत होती. पुटपुटत मोजत होती. दहा... अकरा. अकराव्या वितीला करंगळी बरोबर लाकडाच्या कडेवर आली, तेव्हा माझ्याकडे बघून तिने हसून घेतलं आणि वहीत ११ लिहिले. पलीकडच्या मुलीचं तोवर मोजून झालं होतं. ती वर्गातली पहिल्या नंबराची. आता नंबर काढत नाहीत म्हणे, पण पहिला नंबर कुणाचा ते वर्गातल्या शेवटच्या बाकालाही ठाऊक असतं. ‘‘नऊ,’’ ती म्हणाली. ठकीने आपली वही बघितली, तिची बघितली, कंपासपेटीतून खोडरबर काढला आणि घासायला सुरुवात केली. रबर हलक्यातला होता. कागद आधी काळपट झाला, मग मऊ पडला, मग मधोमध विरला. त्या विरलेल्या जागी तिने पेन्सिल न दाबता ९ काढला.

‘‘का गं खोडलंस?’’

‘‘तिचं नऊ आलं.’’

‘‘आणि तुझं?’’

‘‘माझं चुकलं असेल.’’

आवाजात खंत नव्हती, रडवेपणा नव्हता. बाहेर पाऊस पडतोय म्हणून सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि खडूच्या डबीची लांबी मोजायला वळली. मी आपला पंजा बाकावर लावून बघितला. माझ्या सातच भरल्या.

घरी येताना अप्पा बळवंत चौकात वह्या-पुस्तकांच्या दुकानांपुढच्या गर्दीतून वाट काढत होते, तेव्हाही ते ९ डोक्यात होतं. सात अधिक चार किती असा प्रश्न असता आणि तिने चुकीचं खोडून बरोबर लिहिलं असतं, तर मला काही वाटलं नसतं. उलट शेजारणीचं बघून का होईना सुधारलं, म्हणून बरंच वाटलं असतं. पण इथे अकरा चूक नव्हतेच. तो तिचा हात होता. तिच्या हाताने तो बाक अकराच विती होता, आणि जगातला कुठलाही हुशार मनुष्य आणून बसवला असता तरी ते नऊ होणार नव्हते.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. आकडे जुळवणं हेच काम. संध्याकाळी ताळा जुळला नाही तर सगळ्यांनी बसायचं, दोन रुपयांचा फरक असला तरी पानं उलटत बसायचं, आणि तो सापडला की जो काही हायसा सुस्कारा सुटायचा त्याला तोड नाही. एका गोष्टीला दोन आकडे, ही कल्पनाच आमच्याकडे गुन्ह्यात जमा. त्यामुळे ठकीचं मला कळलंच नाही असं नाही. नऊ आणि अकरा शेजारी शेजारी दिसल्यावर एक खोडावासा वाटणं ही माझी नोकरीभरची सवय. ती आठव्या वर्षीच लागलेली बघून मात्र कससंच झालं.

या वर्गात मी कशी, तर आमच्याच सोसायटीत राहणाऱ्या बाईंनी एकदा जिन्यात विचारलं, ‘‘काकू, गुरुवारी दुपारी मोकळ्या असता ना? या की माझ्या वर्गावर. काही शिकवू नका, नुसत्या बसा. मुलांना एक जास्तीचं माणूस लागतं.’’ तेव्हापासून जाते. मुलं मला आजी म्हणतात. शाळा पेठेतली, जुनी, दगडी जिन्याची. पावसाळ्यात वर्गात शिरलं की आधी ओल्या रेनकोटांचा रबरी वास येतो, त्यात मधल्या सुट्टीतल्या खिचडीचा हळद-जिऱ्याचा वास मिसळलेला, आणि त्याखाली खडूचा, जो बहुतेक भिंतींतच मुरला असावा. रस्त्यावरून पीएमपीचा हॉर्न आला की बाई वाक्य अर्ध्यात थांबवतात आणि हॉर्न संपला की तिथूनच पुढे चालू करतात. मुलांनाही त्याची इतकी सवय झाली आहे की तीही तेवढा वेळ तोंड उघडं ठेवून थांबतात.

वर्गाच्या फरशीवर रंगीत चौकोन आहेत, बाराखडीची चक्रं आहेत, शंभरापर्यंतची सापशिडी आहे. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे त्या गटातल्या, शाळांनी दहा-बारा वर्षांपूर्वी बाकं बाजूला सारून मुलांना जमिनीवर, वस्तूंमध्ये बसवलं, आणि ते बघायला राज्यभरातून शिक्षकांच्या बसगाड्या जाऊ लागल्या. मूल ऐकून नव्हे तर स्वतः करून, अनुभवातून शिकतं, या विचाराला ज्ञानरचनावाद म्हणतात; हा एवढा अवघड शब्द त्या काळात शिपायाच्याही तोंडी बसला होता. मग फरश्या रंगवण्याची लाटच आली. आमच्या वर्गातली फरशीही त्याच लाटेतली असावी, कारण त्या सापशिडीवर आता बाकं उभी आहेत. सत्तावीसवर एका बाकाचा पाय आहे आणि एकसष्टचा साप दुसऱ्या बाकाखाली गेला आहे. रंग तेवढा छान टिकलाय. लावणाऱ्याने चांगला लावला होता, पायच फिरले नाहीत त्यावरून.

मला याहून मजेची वाटली ती ‘माझी नोंद’. २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं जोडून आली होती, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. प्रत्येक पानावर शीर्षक होतं ‘माझी नोंद’. कल्पना किती गोड! मुलाने धडा वाचताना जे सुचेल, जे दिसेल, ते तिथे लिहायचं. मी मुलांची पुस्तकं चाळायचे तेव्हा वर्गातल्या सगळ्यांच्या ‘माझी नोंद’मध्ये तेच वाक्य असायचं, फळ्यावरून उतरवलेलं, त्याच ओळीवर तुटलेलं. एकाने तर फळ्याच्या कोपऱ्यातली तारीख आणि पटसंख्याही उतरवली होती. पुढे ती पानं बंदच झाली, पुस्तक पुन्हा पुस्तक झालं आणि वही पुन्हा वेगळी आली. कुणी फार हळहळलं नाही.

यात बाईंना बोल लावायला माझी जीभ उचलत नाही. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, ते शाळेच्या एकूण हिशेबात कुठेतरी बसतं, या वर्गात चाळीसच्या आसपास डोकी आहेत. पस्तीस मिनिटांची तासिका. त्यातली पाच मिनिटं वह्या काढण्यात आणि पाच मिनिटं ‘बाई, हा मला ढकलतोय’मध्ये. मग वरून माहिती मागणारी कुठली तरी लिंक आलेली असते, ती आजच भरायची असते. निवडणुका आल्या की मतदार याद्या. शिक्षकांनी ‘आम्हाला शिकवू द्या’ म्हणत मोर्चे काढले, ते काही हौस म्हणून नाही. आणि उपक्रम केला की फोटो लागतो. बाकं मोजताना बाईंनीही काढला. ठकी आणि तिची शेजारीण दोघी पंजे ताणून हसताहेत, असा. फोटोत अकरा दिसत नाहीत आणि नऊही दिसत नाहीत. दिसतो तो उपक्रम.

आम्ही शिकलो तेव्हा उपक्रम नव्हते. कार्यानुभवाचा तास होता, त्यात भेंडी कापून शाईत बुडवून ठसे मारायचे, आणि घरी गेल्यावर भाजी वाया घालवली म्हणून ऐकून घ्यायचं. बाकी सगळं पाठांतर. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की आजोबांपुढे मांडी घालून पाढे. बे एके बेपासून तीसपर्यंत, आणि त्यांच्या हट्टापायी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकीसुद्धा. अडीचकीला मी रडायचे. औटकीपर्यंत आमची गाडी कधी गेली नाही. हे सगळं घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणाऱ्यांत मी नाही. मंडईत सव्वाशे ग्रॅम आल्याचा भाव भाजीवाला सांगायच्या आत माझ्या तोंडात येतो, तो त्या सवायकीतूनच. पण आजोबांपुढे बसून मला कधी एखाद्या आकड्याविषयी प्रश्न पडला नाही, हेही खरं. तिथे पडायचा प्रश्नच नव्हता. आकडे आजोबांचे होते, आम्ही ते परत करायचो.

प्रश्न पडायचे ते वाड्याच्या मागच्या बोळात, विटीदांडू खेळताना. मी एकटीच मुलगी, तीही दादामुळे घेतलेली. विटी पडली तिथपासून गल्लीपर्यंत, म्हणजे विटी ठेवायच्या खळग्यापर्यंत, अंतर दांड्याने मोजायचं. वकट, लेंड, मूंड, नाल... आणि तिथून पुढे हमखास भांडण. मोजणाऱ्याने दांडा उचलून टाकताना इंचभर पुढे सरकवला की मागे? विटीच्या टोकापासून मोजायचं की मधून? एकदा दोन्हीकडचे गडी आपापले दांडे घेऊन आले आणि एकाच अंतराचे दोन वेगळे आकडे निघाले. तेव्हा दादाने दोन दांडे शेजारी उभे धरले आणि सगळ्यांना दाखवलं की समोरच्यांचा दांडा चार बोटं आखूड आहे. त्या दिवशी ठरलं की एकच दांडा. मग तो कुणाचा, यावर पुन्हा तासभर. अंधार पडला तेव्हा आयांनी हाका मारल्या म्हणून ते थांबलं. मोजमाप म्हणजे काय हे मला त्या बोळात समजलं. शाळेत पुढे मीटर-सेंटिमीटर आले तेव्हा ते गुणाकार-भागाकारासाठीच असतात अशी माझी समजूत होती.

बाईंना मी ठकीचं सांगितलं. जिन्यातच. त्यांनी कपाळाला हात लावला नाही की काही नाही. ‘‘हो, असं करतात,’’ म्हणाल्या. ‘‘पुस्तकात पुढचं वाक्यच आहे की प्रत्येकाचं उत्तर वेगळं आलं का, चर्चा करा. चर्चेला वेळ कुठे उरतो काकू?’’

तो वेळ मिळाला तो पावसामुळे. श्रावणातच एका गुरुवारी असा धो-धो कोसळला की नदीपात्रातला रस्ता बंद, पलीकडच्या वस्तीतली मुलं आलीच नाहीत, आणि वर्गात निम्मी बाकं रिकामी. वीजही गेलेली. बाईंनी फळ्यावर बाकाचं चित्र काढलं आणि प्रत्येकाला आपला आकडा सांगायला लावला. नऊ, दहा, नऊ, अकरा, साडेनऊ, आठ. साडेनऊवाल्याला सगळे हसले, तो बिचारा ‘‘अर्धी उरली तर काय करू’’ म्हणत राहिला. ‘‘बाक तर सगळ्यांचे सारखेच आहेत. मग असं का?’’ बाईंनी विचारलं आणि खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाटतं त्या दिवशीचं त्यांचं सगळ्यात मोठं काम ते बसणं होतं.

आधी अर्थातच ‘‘याने चुकीचं मोजलं.’’ मग पुन्हा मोजणं. पुन्हा तेच. मग एका मुलाने शोध लावला की हात लहान-मोठे आहेत. त्यावर एक ठाम आवाज आला, ‘‘मग हिचा हात छोटा, तर हिचा आकडापण छोटा यायला पाहिजे!’’ वर्गाला ते पटलं. मलाही क्षणभर पटलं, इतकं ते सरळ वाटतं. छोट्याचं छोटं, मोठ्याचं मोठं. त्या दिवशी जिने अकरा सांगितले होते (ती ठकी नव्हे) तिला उभं केलं, आठवाल्याला तिच्या शेजारी उभं केलं, दोघांचे पंजे तळव्याला तळवा लावून बघितले. मुलाची बोटं पेरभर वर. आणि तरी त्याचे आठ. शांतता नव्हे, चांगलाच गोंगाट झाला. मग दोघांनी एकाच बाकावर, एकाच कडेपासून, एकदम सुरुवात केली. एक वीत तू, एक वीत मी. तिसऱ्या वितीला तो पुढे निघून गेला आणि मागच्या रांगेतून एकजण ओरडला, ‘‘त्याची ढांग मोठी आहे! म्हणून त्याला कमी लागतात!’’ हात मोजत होते आणि शब्द आला ढांगेचा. पण तिथून पुढे सगळ्यांना एकदम दिसायला लागलं. लहान हाताला जास्त वेळा टाकावा लागतो. दोन-तीन मुलांनी उठून फळ्यापर्यंत ढांगा टाकून खात्रीही करून घेतली.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण एकीने विचारलं, ‘‘मग दुकानदार कुणाच्या हाताने मोजणार?’’ यावर उत्तर तयार होतं, सगळ्यांचं एकच: ‘‘बाईंच्या!’’ बाई हसल्या. ‘‘आणि मी नसले तर? परवा ट्रेनिंगला गेले तर?’’ हेडबाईंच्या, आजींच्या, शिपाईकाकांच्या, अशी नावं येऊन गेली. प्रत्येकाचा कुठला तरी दिवस सुट्टीचा निघाला. शेवटी साडेनऊवाला म्हणाला, ‘‘बाईंच्या वितीएवढी काडी तोडून ठेवू. कपाटात.’’ शिपाईकाकांच्या खराट्यातली काडी आली, बाईंनी पंजा ताणला, काडी मोडली, तिला सुतळीची गाठ मारली आणि कपाटात खडूंच्या खोक्याशेजारी ठेवली. पॅरिसजवळच्या सेव्हर गावात प्लॅटिनम-इरिडियमची पट्टी १८८९ पासून अशीच कपाटबंद ठेवली होती, जगभरच्या मीटरची आई म्हणून. १९६० साली तिचा मान गेला आणि आता तर प्रकाशाच्या वेगावरून मीटर ठरतो. आमच्या काडीला तेवढी वर्षं मिळायची नाहीत, खराट्याची काडी ती. पण कारण दोन्हीकडे तेच. आपल्या देशातही शेर, मण, पायल्या जाऊन १९५८ पासून किलो यायला लागले, तेव्हा आमच्या आजीने म्हणे दोन वर्षं तांदूळ घेताना वाण्याशी हुज्जत घातली, कारण तिचं मापटं घरी कपाटात होतं आणि वाण्याचं वजन सरकारचं होतं.

आता यात गंमत बघा. हा जो तास झाला तो अर्धा वर्ग गैरहजर होता म्हणून. लिंक भरता आली नाही, कारण वीज नव्हती. फोटो निघाला नाही, कारण अंधार होता. आणि ठकी त्या दिवशी आलेली नव्हती. ती नदीपलीकडून येते.

दुसऱ्या गुरुवारी मी तिला कपाटातली काडी दाखवली. ‘‘ही बाईंची वीत,’’ म्हटलं. तिने ती हातात घेतली, स्वतःच्या पंजाशी लावली, ‘‘मोठी आहे,’’ म्हणाली आणि परत दिली. बस्स. अकराचं काय, हे मी विचारलं नाही. तिची वही तोवर भरून नवीन आली होती.

काड्यांवरून आठवलं. पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, अरविंद गुप्ता २०१४ पर्यंत मुलांसाठी टाकाऊतून खेळणी करत असत. त्यांची एक फार जुनी युक्ती आहे: काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. गुल खरवडून टाकायचा, ट्यूबच्या तुकड्यात दोन्हीकडून काडी खुपसायची, झाला सांधा. म्हटलं आपणही करू. व्हॉल्व्ह ट्यूबसाठी शनिवार पेठ पालथी घातली. एके काळी या गावात माणसांपेक्षा सायकली जास्त वाटायच्या, आता सायकलवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी दौत मागायला आलेय. ‘‘आजी, आता कोण वापरतं ती? व्हॉल्व्ह बदलले सगळे.’’ तरी माळ्यावरून एक भेंडोळं काढून दिलं. वरून पावडर झटकत म्हणाला, ‘‘कशाला हवीय?’’ शाळेत मुलांना म्हटल्यावर पैसे घ्यायला तयार होईना.

वर्गात त्रिकोण झाले, चौकोन झाले. गुलाचा लालसर चुरा सगळ्यांच्या नखांत. एका मुलाने आपला चौकोन टेबलावर उभा केला, वरून बोट ठेवलं आणि तो हळूहळू कलून आडवा झाला. ‘‘झोपला,’’ तो म्हणाला. उभा केला, पुन्हा झोपला. मग त्याने शेजारच्याचा त्रिकोण घेतला आणि त्यावर बोट ठेवलं. जरा जोर दिला. काडी वाकायला लागली, पण त्रिकोण काही हलेना. हे त्याने इतक्या वेळा केलं की शेवटी काडी मोडली, आणि त्रिकोण ज्याचा होता तो भोकाड पसरून रडायला लागला. त्या गडबडीत हा मुलगा मात्र मान वर करून छताकडे बघत होता. आमच्या शाळेचा वरचा मजला कौलारू आहे आणि छताला जुन्या लाकडी कैच्या आहेत. ‘‘बाई, वर सगळे त्रिकोणच आहेत.’’ बाईंनी वर बघितलं. मीही बघितलं. इतक्या गुरुवारी त्याच छताखाली बसून मला तिथे जळमटं तेवढी दिसली होती. ‘‘चौकोन लावले असते तर छप्पर झोपलं असतं,’’ तो म्हणाला आणि मग रडणाऱ्याला आपल्या वाट्याची काडी देऊन टाकली.

सगळेच उपक्रम असे रंगतात असं नाही. मोहरी कापसावर पेरली ती निम्म्या मुलांची उगवलीच नाही, कारण मूळ आलं का म्हणून रोज उपटून बघत होते. मातीकामात सगळ्यांनी साप केले, कारण साप सोपा. रंगीत घोटीव कागदाच्या चिकटकामात डिंक जास्त आणि चित्र कमी. यावर लिहिण्यासारखं काही नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधी बाजार भरवला. बालआनंद मेळावा, असं फलकावर होतं. एक कोथिंबिरीच्या जुड्या, एक लिंबू सरबत, तिघी मिळून भेळ, एकाकडे मंडईतून वडिलांनी दिलेली केळी. केळीवाल्या मुलाकडे मी लक्ष ठेवून होते, कारण वजाबाकीत हातचा म्हटला की तो खिडकीबाहेर बघतो. मी तेरा रुपयांची केळी घेतली आणि वीसची नोट दिली. त्याने नोट गल्ल्यात टाकली, दोन रुपयांचं नाणं माझ्या हातावर ठेवलं, ‘‘पंधरा,’’ मग पाचाचं, ‘‘वीस.’’ झालं. माझ्या तळहातावर सात रुपये होते आणि ‘सात’ हा शब्द त्याने उच्चारला नव्हता. मागाहून भाच्याने एक बातमी पाठवली. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०२५ साली ‘नेचर’मध्ये लिहिलंय: बाजारात झरझर हिशेब करणारी मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या तशाच गणिताला अडखळतात, आणि शाळेत पटाईत असलेली मुलं बाजारात. मला त्यात नवल वाटलं ते दुसऱ्या अर्ध्याचं. आमची पहिल्या नंबराची मुलगी भेळेच्या टेबलामागे पाठकोरा कागद घेऊन २० खाली १३ मांडत होती आणि रांग ओरडत होती.

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीची तोंडओळख आणि आरोग्याचे धडे हवेत असं मागितलं होतं. फुल्यांनी मुलींची शाळा काढली त्या भिडेवाड्यावरून जाताना, आता तिथे स्मारकाचं काम चालू आहे, मला नेहमी १८४८ च्या त्या वर्गातल्या मुली आठवतात म्हणजे आठवायचा प्रयत्न करते. त्यांच्यातल्या कुणी शेजारणीचं बघून पाटीवरचं पुसलं असेल का? पाटीवरचं तर किती सहज पुसलं जातं, तळहाताने.

बाजार आटपल्यावर हिशेब मांडायचा होता. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, नफा आणि तोटा. एकेकजण उठून आपला आकडा सांगत होता. केळीवाल्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला आणि गप्प. बाईंना वाटलं त्याला जमलं नाही. ‘‘घाबरू नको, तोटा झाला असेल तर तोटा सांग.’’

‘‘तोटा नाही झाला बाई. पण चार केळी मीच खाल्ली. ती कशात लिहू?’’

वर्ग हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला, कारण भेळवाल्या तिघींनीही भेळ खाल्ली होती, आणि सरबतवाल्याने तर तहान लागली तसे ग्लास भरले होते. तो म्हणाला तोट्यात लिहा. भेळेवाल्या म्हणाल्या, तोटा कसा, आम्हाला आवडली! कोथिंबीरवाला एकटाच बिनदिक्कत, त्याला काय, कच्ची कोथिंबीर कोण खाणार. ठकी भेळेच्या तिघींतली एक. तिचं म्हणणं, नफ्यातच धरा, पैसे देऊन खाल्ली असती तर गेलेच असते ना पैसे. पहिल्या नंबराची म्हणाली, असा रकाना पुस्तकात नाहीये. माझ्यातल्या बँकवालीला तो माल स्वतःच्या खर्चाला टाकायचा होता, पण मला कुणी विचारलं नाही. बाईंनी घड्याळाकडे बघितलं, मग खडू घेतला आणि तोट्याच्या पुढे आणखी एक उभी रेघ ओढली. ‘‘वर काय लिहू?’’

‘‘पोटात!’’ साडेनऊवाला ओरडला.

नफा, तोटा, पोटात. बाईंनी तसंच लिहिलं, ठसठशीत अक्षरात, आणि शाळा सुटेपर्यंत तिसऱ्या रकान्यात सत्त्याहत्तर रुपये जमा झाले होते, त्यातले दहा माझ्या भेळेचे, जी मला एकीने फुकट दिली होती.